रोज नऊची गोळी

१

समजा, तुम्ही एका खिडकीच्या आतल्या बाजूला बसला आहात. खिडकीला जाळी आहे आणि जाळीच्या तळाशी हात आत-बाहेर होईल एवढी फट. पाठीमागे छतापर्यंत कप्पे, कप्प्यांत सारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या बाटल्या. समोर बाकावर माणसं बसली आहेत आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही.

त्या बाटल्यांत एचआयव्हीच्या गोळ्या आहेत. त्या रोज घेतल्या की रक्तातला विषाणू मरत नाही बरं का, पण गाढ झोपतो. तो झोपलेला असला की माणूस कामावर जातो, भांडतो, म्हातारा होतो, नातवंडांवर खेकसतो. गोळ्या पोहोचल्या नाहीत की तो जागा होतो.

आता समजा, त्या फटीतून एक बारका हात आत आला. घेण्यासाठी नाही, देण्यासाठी. हातात एक बाटली होती आणि ती रिकामी नव्हती.

खिडकीत बसणाऱ्या औषधवाल्या बाईंना सगळे भिंगबाई म्हणत. बाटल्यांवरची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून गळ्यात कायम भिंग. त्यांनी भिंगातून हात पाहिला, मग मान वाकवून हाताची मालकीण पाहिली. अकरा वर्षांची, काडीसारखी मुलगी, शाळेच्या कपड्यांत.

"हे परत घ्या," मुलगी म्हणाली. "आईचं आहे. आई गेली. एकवीस दिवस झाले."

भिंगबाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला. ही बसच्या आगारात सीटची कव्हरं शिवणारी बाई. दर महिन्याला यायची, बाटली घ्यायची, 'येते हं' म्हणून जायची. आणि हिच्याच तोंडून कधीतरी ऐकलेलं मुलीचं लाडाचं नाव त्यांना आठवलं, टाचणी.

"टाचणी ना तू?"

"हो. यात अकरा गोळ्या उरल्यात. तीस दिल्या होत्या. आई दवाखान्यात भरती झाली तो विसावा दिवस. म्हणजे एकोणीस घेतल्या. बरोबर येतं. मी तीनदा मोजल्या." मुलीने दम घेतला. "पण मावशी म्हणते, आई गोळ्या घेतच नव्हती. डॉक्टर पण म्हणाले. रक्तात कळतं म्हणे. म्हणजे ती रोज एक गोळी काढून टाकून देत होती का?"

बाकावरच्या दोन-तीन माना वर झाल्या.

"तुम्ही औषधवाल्या आहात ना? तुम्हाला कळेल. तिला मला सोडून जायचं होतं का?"

भिंगबाईंनी खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लावली. तेव्हा सकाळचे साडेअकरासुद्धा वाजले नव्हते.

२

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. दिवसाला सत्तर माणसं तपासली की चांगल्या माणसाचंही बोलणं आखूड होतं.

"बाई, तुम्ही कधीपासून गुप्तहेर झालात?"

"भिंग आधीपासूनच होतं, डॉक्टर. आज काम मिळालं. कार्ड दाखवा तिचं."

कार्डावर सगळं होतं. चार वर्षं विषाणू झोपलेला. मग जुन्या गोळीने वाईट स्वप्नं पडतात म्हणून दोन वर्षांपूर्वी गोळी बदलली. नव्या गोळीत रिल्पिव्हिरिन नावाचं औषध होतं. त्यावरही सुरुवातीच्या तपासण्या चांगल्या. मग अचानक रक्तातल्या विषाणूचा आकडा चढायला लागला. थोडा, आणखी थोडा, मग भसाभस. अंगातली ताकद आधीच कमी. न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत सगळं संपलं.

"मी तिला चार वेळा समोर बसवून समजावलं," डॉक्टर म्हणाले. "चारही वेळा म्हणाली, रोज घेते. शेवटी शेवटी तर बोलेनाशीच झाली. मी दुसरं औषध द्यायचं ठरवलं, तोवर उशीर झाला. रिपोर्ट खोटं बोलत नाही, बाई. माणूस बोलतो."

"रिपोर्ट बोलतच नाही, डॉक्टर. बोलतो आपण, आणि नाव त्याचं सांगतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग तुमचं काय म्हणणं?"

"गोळीच बिघडलेली असली तर?"

भिंगबाईंनी आपली वही काढली. त्याच खोक्यांतल्या बाटल्या आणखी बावीस जणांना गेल्या होत्या. बाविसांचे रिपोर्ट काढले. सगळ्यांचा विषाणू घोरत होता. म्हणजे गोळी निर्दोष.

गोळी निर्दोष, मोजणी बरोबर, आणि बाई मात्र गेली.

त्या कार्ड मिटणार, तेवढ्यात एक रकाना दिसला. 'इतर कोणती औषधे चालू आहेत?' नवी गोळी सुरू झाल्यापासून दर महिन्याला त्यापुढे एकच शब्द लिहिलेला, नाही. नाही. नाही. चोवीस वेळा. भिंगबाईंनी भिंग लावलं. गरज नव्हती, पण लावलं.

अक्षर त्यांचंच होतं.

आणि हा प्रश्न आपण त्या बाईला मोठ्याने कधी विचारला, हे काही केल्या त्यांना आठवेना. पहिल्या एक-दोनदा विचारला असेल. पुढे मागचा 'नाही' बघून पुढचा 'नाही' लिहिला होता.

३

आगाराच्या मागच्या शेडमध्ये रेक्झिनचे गठ्ठे आणि डिंकाचा उग्र वास. एक दणकट बाई भलीमोठी कात्री चालवत होती. टाचणी तिला कात्रीमावशी म्हणायची. ती टाचणीच्या आईच्या शेजारच्या टेबलापाशी सात वर्षं उभी होती.

"गोळी? रोज नऊला," कात्रीमावशी म्हणाली. "डबा खाल्ला की लगेच. भरल्या पोटी घ्यायची म्हणायची. घड्याळ चुकेल, ती नाही. आम्ही चिडवायचो, अगं, तुझी गोळी बघून बसचा ड्रायव्हर घड्याळ लावतो."

"कशाची गोळी, विचारलं कधी?"

"रक्ताची म्हणायची. मी म्हटलं असेल." कात्री क्षणभर थांबली. "आता कळलं कशाची. आगारात काय, दोन दिवसांत सगळीकडे झालं. चार जणी हात धुऊन आल्या. मी त्यांना म्हटलं, सात वर्षं तिच्या डब्यातलं खाताय, आता धुता?"

"ती गोळी तोंडात धरून नंतर थुंकत असेल?"

"बाई, गोळी घेतली की पुढच्या क्षणाला तिची बडबड सुरू. तोंडात गोळी धरून एवढं बोलता येत असतं तर ती सर्कशीत गेली असती." ती हसली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. तिने रेक्झिनचा तुकडा उगाच सरळ केला. "पोरीसाठी जगायचं होतं तिला. नववीत गेली की सायकल घेणार होती तिला. रंगसुद्धा ठरला होता."

भिंगबाई उठल्या. दाराशी जाताना सहज म्हणाल्या, "खाणंपिणं कसं होतं तिचं?"

"आधी काही नाही हो. छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोट धरून बसायची. डब्यात दहीभात. पण नवी यंत्रं आली ना, तेव्हापासून भलतीच सुधारली. आमच्या डब्यातलं तिखट ओढून खायला लागली. म्हणायची, माझी आग विझली एकदाची!"

भिंगबाई दारातच वळल्या.

"यंत्रं कधी आली?"

"मागच्या वर्षी, मार्चमध्ये."

कार्डावर आकडा पहिल्यांदा हलला होता मे महिन्यात.

"आणि ती आग," भिंगबाईंनी हळूच विचारलं, "कशाने विझली?"

"ते तिच्या ताईला विचारा. घरात डॉक्टर तीच."

४

ती ताई म्हणजे टाचणीची मावशी. तिचं घर म्हणजे दोन खोल्या. टाचणी आणि तिची आई तिथेच राहत. वडील फार आधी गेले होते, त्याच आजाराने, पण आईने ते घरात कोणाला कळू दिलं नव्हतं. टाचणीची तपासणी लहानपणीच झाली होती. तिला काही नव्हतं.

मावशीने दार उघडलं आणि टाचणीला भिंगबाईंसोबत पाहून तिच्या कपाळावर आठी पडली.

"शाळा सोडून ही उठाठेव चाललीय होय तुझी? बाई, तुम्ही तरी सांगा हिला. काय उकरायचं आता?"

"थोडंच विचारते," भिंगबाई म्हणाल्या. "टाचणी, बाळ, मला पाणी आण."

मुलगी आत जाताच मावशी खाली बसली आणि बांध फुटावा तसं बोलायला लागली.

"मला राग आहे तिचा. हो, आहे! गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, मी रागावते. सख्खी बहीण मी. सहा वर्षं हा आजार लपवला माझ्यापासून. दवाखान्यात परक्या माणसाच्या तोंडून कळलं मला. आणि वर औषध घेतलं नाही. एवढीशी गोळी, बाई! एवढीशी! पोरगी होती ना समोर?"

"तुम्ही तिची काळजी घेत होता."

"घेत होता काय विचारता? आईविना वाढवलं तिला मी. पहाटे उठून डबा मी करायचे. पायाला तेल मी लावायचे. पोटाचा त्रास होता तिला, आगारात सगळ्या म्हणायच्या डॉक्टरकडे जा, ती जाईना. शेवटी माझ्याच गोळीने बरी झाली. मला गुण आला होता, म्हणून तिला सुरू केली. रोज सकाळी सहाला, उपाशी पोटी, माझ्या हाताने. एक मला, एक तिला. एक दिवस चुकू दिला नाही मी. आणि ती बया आपली स्वतःची गोळी चुकवत होती!"

"कोणती गोळी?" भिंगबाईंनी विचारलं.

"बघा, पट्टीसुद्धा आहे." मावशीने कपाटावरून गोळ्यांची पट्टी काढून अभिमानाने पुढे केली. "कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. चिठ्ठीसुद्धा लागत नाही."

भिंगबाईंनी भिंग लावलं. ओमेप्राझोल.

"हिने हे दवाखान्यात सांगितलं होतं का कधी? की मी हेही औषध घेते म्हणून?"

मावशी हसली. त्या घरात एकवीस दिवसांत बहुधा पहिल्यांदाच कोणी हसलं असेल. "पित्ताची गोळी म्हणजे काय औषध असतं का, बाई? अर्धं गाव घेतं."

टाचणी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. भिंगबाईंनी तो घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

५

परत जाताना भिंगबाई दोन बसथांबे पायी चालल्या. एक खोटं बोललं की काम भागत होतं. खोक्यातल्या गोळ्या बिघडलेल्या होत्या, असं म्हणायचं. आई सुटत होती, मावशी सुटत होती, आणि भिंगबाईंची चोवीस 'नाही' सुद्धा सुटत होती. फक्त ते खरं नव्हतं. आणि ती मुलगी तीनदा मोजणाऱ्यातली होती.

त्यांनी दुकानातून एक अंडं घेतलं.

दोन दिवसांनी, खिडकी उघडायच्या आधी, त्यांनी मावशी आणि टाचणीला आतल्या खोलीत बसवलं. टेबलावर दोन पेले होते.

"दोन्हींत परवा अंड्याच्या कवचाचा एकेक तुकडा टाकला," त्या टाचणीला म्हणाल्या. "एका पेल्यात व्हिनेगर आहे, म्हणजे आंबट पाणी. दुसऱ्यात साधं पाणी. बघ काय झालं."

टाचणीने चमचा घातला. "साध्या पाण्यातला तसाच आहे. कडक. या दुसऱ्यातला... नाहीच आहे. नुसतं पातळ सालासारखं काहीतरी राहिलंय."

"का?"

"आंबटाने विरघळला."

"तुझ्या पोटातसुद्धा असंच आंबट पाणी असतं. फार आंबट. ते जास्त झालं की छातीत जळजळ होते. पण ते शत्रू नाही, कामाचं आहे. तुझ्या आईची गोळी अंड्याचं कवच नव्हे, पण तिलाही विरघळायला तेच आंबट पाणी लागायचं. सगळ्या गोळ्यांना लागत नाही. या एकीला लागतं. विरघळली तर रक्तात जाणार, रक्तात गेली तर विषाणू झोपणार. आता सांग, पोटातलं आंबट पाणीच कोणी कमी केलं तर?"

टाचणी साध्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिली. बाहेर बाकावर कोणीतरी खोकलं.

"तर गोळी घेतली तरी..." ती थांबली. "थोडीच विरघळणार. बाकीची नुसतीच पोटातून जाणार."

"आणि थोड्याने तो झोपत नाही. उलट औषधाची ओळख करून घेतो आणि मग त्याला जुमानेनासा होतो."

"म्हणजे आई घेत होती?"

"रोज. नऊला, भरल्या पोटी, सांगितलं होतं अगदी तसं. एकही चुकवली नाही तिने. चार वेळा तिला खोटं ठरवलं, आणि चारही वेळा ती खरं बोलत होती."

टाचणीने दोन्ही हात तोंडावर दाबले. तिचे खांदे हलायला लागले. एकवीस, आता तेवीस दिवस झाले होते, आणि ती आज पहिल्यांदा रडत होती. हरवलेली वस्तू सापडली की रडतो, तसं.

मावशी मात्र हलली नव्हती. ती पेल्यांकडे बघत होती. मग तिने विचारलं, अगदी खालच्या आवाजात, "बाई, पित्ताची गोळी काय करते?"

भिंगबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आता उत्तर द्यायची गरज उरली नव्हती, तरी त्यांनी दिलं. "पोटातलं आंबट पाणी कमी करते. सकाळी सहाला घेतली तरी दिवसभर."

"नऊला सुद्धा?"

"नऊला सुद्धा."

"माझ्या हाताने," मावशी म्हणाली. "उपाशी पोटी. एक दिवस चुकू दिला नाही."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तिला सांगता आलं असतं ना मला! एकदा म्हणाली असती, ताई, मी असं असं औषध घेते, तर मी विचारून आले नसते का?" आणि बोलता बोलताच तिचा चेहरा बदलला. "वरच्या मजल्यावर एक माणूस राहायचा. त्याला हाच आजार. मी घरात म्हणाले होते, त्याच्या कपात चहा पिऊ नका कोणी. धाकटी तिथेच भाजी निवडत होती. काही बोलली नाही. उठून आत गेली." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "मला वाटलं, भाजी संपली म्हणून गेली."

भिंगबाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि त्या चोवीस शब्दांवर बोट ठेवलं.

"हे माझं अक्षर. विचारायचं काम माझं होतं. 'दुसरं औषध घेता का' असं विचारलं तर ती नाहीच म्हणणार. पित्ताची गोळी औषध वाटतच नाही कोणाला. 'जळजळ होते का, मग काय घेता' असं विचारायला हवं होतं. एवढी वर्षं या खिडकीत बसून मी ते विचारलं नाही. डॉक्टरांनीही नाही. दोष वाटायला बसलात, ताई, तर एकटीने सगळा घेऊ नका."

हे सगळं खरं होतं. पण मावशीचं तोंड तसंच भिंतीकडे राहिलं. खरं बोलण्याने आई सुटली होती, मावशी सुटली नव्हती, आणि भिंगबाईंच्या कप्प्यांत त्यावर कुठलंही औषध नव्हतं.

टाचणी उठली. तिने नाक पुसलं, दप्तर खांद्याला अडकवलं. मावशीकडे एकदा पाहिलं. ते पाहणं काही मायेचं नव्हतं, आणि मी तुम्हाला ते तसं होतं म्हणून सांगणार नाही. गेले तीन आठवडे या बाईने रोज तिच्या आईला दोष दिला होता. मुलीने दार उघडलं आणि ती बाहेर गेली. दवाखान्याच्या जिन्यावर तिची पावलं खाली खाली वाजत गेली, मग वाजायची थांबली.

मावशी जागची उठली नाही. उठायचा आपल्याला हक्क उरला नाही, असं तिला वाटत असावं.

बराच वेळ जिना गप्प होता. मग पावलं पुन्हा वाजली, या वेळी वर येताना, प्रत्येक पायरीवर रेंगाळत. टाचणी दारात आली. आत आली नाही. चौकटीला टेकून, जमिनीकडे बघत म्हणाली,

"मावशी, चल. दहाची बस जाईल."

आणि मावशी उठून चप्पल शोधेपर्यंत ती तिथेच थांबली.